एन्ड्युरन्स माउंटन बायकिंग : सराव, शर्यत आणि फोनमधले आकडे, सगळं सोप्या मराठीत

आज जरा वेगळा विषय घेतोय. आठवडाभर मी पुण्यात एका कंपनीत कोड लिहितो आणि रविवारी पहाटे पाचला माउंटन बाइक घेऊन डोंगरात जातो. माउंटन बाइक म्हणजे जाड टायरची, पुढे शॉक असलेली सायकल. मोटरसायकल नाही. घरी अजूनही हा गोंधळ होतो, म्हणून आधीच सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी मी सह्याद्रीतल्या एका ९२ किलोमीटरच्या शर्यतीत उतरलो होतो. हातात चांगलं स्मार्टवॉच, हँडलवर फोन, फोनमध्ये तीन ॲप्स. ६२ व्या किलोमीटरला दुपारी १२ चा कट-ऑफ होता. मी १२ वाजून १९ मिनिटांनी पोहोचलो. स्वयंसेवकाने नंबर काढून घेतला आणि मी टेम्पोत बसलो. सगळा डेटा माझ्याकडे होता, तरी मी संपलो होतो. घरी येऊन तो डेटा नीट पाहिला, तेव्हा समजलं की अर्धे आकडे चुकीचे होते आणि उरलेल्यांचा अर्थ मी चुकीचा लावला होता.

म्हणून हा लेख. कोणता आकडा कुठून येतो, त्यावर किती विश्वास ठेवायचा, आणि फोन नेमका कधी जीव वाचवतो, हे एकदा एका ठिकाणी लिहून ठेवतोय.

एन्ड्युरन्स माउंटन बायकिंग म्हणजे काय?

माउंटन बाइकिंगचे बरेच प्रकार आहेत. ऑलिंपिकमध्ये १९९६ पासून जो दिसतो तो क्रॉस-कंट्री, साधारण दीड तासाचा. फक्त उतारावर वेग बघणारा तो डाउनहिल. आणि ज्यात चार तासांपासून कित्येक दिवसांपर्यंत सायकल चालवत राहायचं असतं तो एन्ड्युरन्स. जागतिक सायकलिंग संघटना म्हणजे यूसीआय यातल्या एका दिवसाच्या प्रकाराला मॅरेथॉन म्हणते आणि त्याचं अंतर ६० ते १६० किलोमीटर असतं.

जगातली दोन नावं लक्षात ठेवा. अमेरिकेत कोलोराडो राज्यात लेडव्हिल १०० ही शर्यत १९९४ पासून होते. १०० मैल म्हणजे साधारण १६० किलोमीटर, सुरुवातच समुद्रसपाटीपासून ३,००० मीटरच्या वर, आणि वेळ १२ तास. दुसरी दक्षिण आफ्रिकेतली केप एपिक, २००४ पासून. आठ दिवस, दोघांची टीम, आणि दोघांनी सोबतच राहायचं. आपल्याकडे हिमाचलमध्ये २००५ साली सुरू झालेल्या एमटीबी हिमालय शर्यतीने हौशी मंडळींना या प्रकाराची ओळख करून दिली.

या शर्यतींत भाग घेणारे बहुतेक लोक तुमच्या-माझ्यासारखेच असतात. नोकरी, कॉलेज, घर सांभाळून सराव करणारे. त्यांची लढाई पहिल्या नंबरशी नसते, कट-ऑफशी असते. कट-ऑफ म्हणजे ठरावीक वेळेत ठरावीक ठिकाणी पोहोचलात तरच पुढे जायला मिळतं. नाही पोहोचलात तर निकालात नावापुढे डीएनएफ लागतं. माझ्या नावापुढे लागलं तसं.

हार्ट रेट : मनगटावरचा आणि छातीवरचा

स्मार्टवॉचच्या मागे हिरवा लाइट चमकतो ना? तो त्वचेतून आत जातो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोका पडला की मनगटातलं रक्त क्षणभर वाढतं, परत येणारा प्रकाश कमी होतो, आणि हा चढ-उतार मोजून घड्याळ ठोके सांगतं. खुर्चीत बसून, चालताना किंवा झोपेत हे बऱ्यापैकी बरोबर येतं.

माउंटन बाइकवर मात्र तीन गोष्टी आडव्या येतात. दगडांवरून जाताना हात सतत हादरतो, त्यामुळे सेन्सर त्वचेवरून हलतो. ब्रेक आणि हँडल घट्ट धरल्याने मनगटाचे स्नायू ताणले जातात. आणि थंडीत त्वचेतलं रक्त कमी होतं. मग घड्याळ कधी मागे पडतं, कधी ठोक्यांऐवजी हादऱ्यांचीच लय पकडून बसतं.

चेस्ट स्ट्रॅप वेगळ्या पद्धतीने चालतो. हृदयाचा प्रत्येक ठोका हा एक विजेचा सिग्नल असतो आणि छातीवरचा पट्टा तो थेट पकडतो, ईसीजी काढतात तसाच, फक्त साध्या रूपात. पट्टा बांधायच्या आधी आतल्या बाजूला थोडं पाणी लावायचं, कारण कोरड्या त्वचेवर सिग्नल नीट येत नाही. बहुतेक पट्टे ब्लूटूथवरून थेट फोनशी जोडले जातात. त्यासाठी महागडं घड्याळ लागत नाही.

शर्यतीनंतर मित्राचा पट्टा मागून आणला आणि एका खडबडीत चढावर दोन्ही एकदम लावले. घड्याळ म्हणत होतं १५१, पट्टा म्हणत होता १७४. म्हणजे शर्यतीत ‘आपण आरामात चाललोय’ असं समजून मी पहिले दोन तास जवळपास पूर्ण जोर लावून काढले होते. ४१ व्या किलोमीटरला दोन्ही मांड्यांत गोळे आले, त्याचं मुख्य कारण हे.

अजून एक. ‘२२० वजा वय’ हे सूत्र तुम्ही ऐकलं असेल. ते सरासरी आहे. प्रत्यक्षात एखाद्याचा कमाल हार्ट रेट त्यापेक्षा १०-१२ ने, कधी त्याहूनही जास्त वर-खाली असू शकतो. ॲपने त्यावरून काढलेले झोन डोळे झाकून मानू नका.

फुकटातली चाचणी : बोलून बघा. पूर्ण वाक्य न थांबता बोलता येतंय म्हणजे सोपा वेग. तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतोय म्हणजे मध्यम. फक्त ‘हो’, ‘नाही’ निघतंय म्हणजे कठीण. यात ना बॅटरी लागते ना ब्लूटूथ.

पॉवर आणि एफटीपी म्हणजे काय?

हार्ट रेट हा शरीराचा प्रतिसाद आहे. तो उशिरा येतो आणि ऊन, झोप, चहा-कॉफी, ताप या सगळ्यांनी बदलतो. पॉवर म्हणजे तुम्ही पॅडलवर प्रत्यक्ष केलेलं काम, वॅटमध्ये. पॉवर मीटरमध्ये क्रँकवर किंवा पॅडलमध्ये स्ट्रेन गेज असतात. धातू किती वाकला यावरून जोर समजतो, त्याला फिरण्याच्या वेगाने गुणलं की वॅट मिळतात.

एफटीपी म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल अशी तुमची जास्तीत जास्त पॉवर. ती काढायची सोपी पद्धत अशी : चांगलं वॉर्म-अप करून २० मिनिटं शक्य तितक्या सातत्याने जोर लावा, त्याच्या सरासरीला ०.९५ ने गुणा. माझी सरासरी २०५ वॅट आली, म्हणजे एफटीपी १९५.

पॉवर मीटर महाग असतो. पण लांब, एकसारखा चढ असेल तर अकरावीचं भौतिकशास्त्र पुरतं. उदाहरण म्हणून आपला सिंहगड घ्या. माझ्या नोंदीत नाक्यापासून वरच्या पार्किंगपर्यंत साधारण साडेआठ किलोमीटर आणि ६०० मीटर चढ भरतो.

१. मी, सायकल, पाणी आणि बॅग मिळून वजन ८४ किलो.
२. वर चढायला लागणारी ऊर्जा : ८४ × ९.८१ × ६०० = सुमारे ४,९४,००० ज्यूल.
३. वेळ ५० मिनिटं म्हणजे ३,००० सेकंद. भागाकार : सुमारे १६५ वॅट.
४. जाड टायरच्या घर्षणाचे अंदाजे २३ वॅट, आणि चेनमध्ये वाया जाणारे थोडे. एकूण १९० ते १९५.

चाचणीतल्या आकड्याच्या जवळच आलं ना? या वेगाला हवेचा विरोध फारसा नसतो, म्हणून हे गणित जमतं. सपाटीवर किंवा वारा असताना जमणार नाही. दर दीड महिन्याने हाच चढ, हीच सायकल, तेवढंच पाणी घेऊन चढलात, तर ॲपचं सबस्क्रिप्शन न घेताही प्रगती दिसते. फक्त रविवारी सकाळी गाड्यांची गर्दी असते, त्यामुळे पहाटे लवकर किंवा आठवड्यातल्या दिवशी जा.

ट्रेनिंग लोड : ॲपमधला तो वर-खाली होणारा ग्राफ

बऱ्याच ॲप्समध्ये फिटनेस, थकवा आणि फॉर्म असे तीन आकडे दिसतात. यामागे जादू नाही, कॉलेजात शिकलेली मूव्हिंग ॲव्हरेज आहे.

आधी प्रत्येक राइडला गुण मिळतात. एफटीपीवर बरोबर एक तास चालवलं की १०० गुण. त्यापेक्षा सोपं चालवलं तर तीव्रतेच्या वर्गाने गुण कमी होतात. चार तास एफटीपीच्या ६५ टक्क्यांवर चालवलं तर ४ × ०.६५ × ०.६५ × १०० = १६९.

मग ४२ दिवसांची वजनदार सरासरी म्हणजे फिटनेस, ७ दिवसांची म्हणजे थकवा. समजा दोन्ही आकडे ४० आहेत आणि आज १६९ गुणांची राइड झाली. फिटनेस होईल ४० + (१६९ − ४०) ÷ ४२ = ४३. थकवा होईल ४० + (१६९ − ४०) ÷ ७ = ५८. फॉर्म म्हणजे दोघांतला फरक, उणे १५. एका राइडने फिटनेस जेमतेम ३ ने वाढतो, थकवा मात्र १८ ने. शर्यतीच्या आदल्या आठवड्यात ‘अजून एक मोठी राइड मारू’ हा मोह का टाळायचा, ते या दोन ओळींत आलं.

पण या ग्राफला तुमची झोप माहीत नाही. रिलीजच्या आठवड्यात रात्री दोनपर्यंत बसलात, आईला दवाखान्यात नेलंत, अंगात कणकण आहे, हे त्याला कोण सांगणार? मी एकदा ‘स्ट्रीक तुटेल’ म्हणून अंगात ताप असताना दोन तास चालवली आणि पुढचे बारा दिवस अंथरुणात आणि खोकण्यात गेले. ताप असताना जोराचा व्यायाम हृदयालाही धोक्याचा ठरू शकतो. स्ट्रीक तुटली तरी चालेल. छातीत दुखणं, चक्कर, धडधड असं काही झालं तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांकडे जा. तेव्हा घड्याळात काय दिसतंय ते बघत बसू नका.

आठवड्याचा सराव कसा करायचा?

नॉर्वेत काम करणारे संशोधक स्टीफन सायलर यांनी दाखवून दिलं की अव्वल एन्ड्युरन्स खेळाडूंची साधारण ८० टक्के सत्रं सोप्या वेगाची असतात. आपण हौशी लोक नेमकं उलटं करतो. रोज थोडं दमतो, त्यामुळे खरंच जोर लावायच्या दिवशी पाय उठत नाहीत. नोकरी सांभाळून माझा आठवडा असा असतो :

मंगळवार : ८ मिनिटांचे चार जोरदार टप्पे, मध्ये २-३ मिनिटं विश्रांती. चढावर किंवा घरी ट्रेनरवर.
गुरुवार : टेकडीवर तासभर तंत्राचा सराव. वळणं, दगडांवरून तोल, उतारावर शरीर मागे घेणं.
शनिवार : एक-दीड तास, अगदी आरामात.
रविवार : चार ते पाच तास, बोलता येईल अशा वेगाने. मातीची वाट, बैलगाडीची वाट, थोडी पायवाट.
बाकी तीन दिवस : विश्रांती, किंवा २० मिनिटं पोट-पाठीचे व्यायाम.

तीन आठवडे वाढवायचं, चौथ्या आठवड्यात निम्म्यावर आणायचं. तंत्राचा दिवस गाळू नका. मुरमाच्या उतारावर घाबरून ब्रेक दाबून धरणारा माणूस दमतोही लवकर आणि पडतोही जास्त.

जीपीएस : अंतर आणि चढ चुकतो का?

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात आणि सतत वेळेचा सिग्नल पाठवतात. फोन फक्त ऐकतो, पाठवत काही नाही. निदान चार उपग्रह नीट ऐकू आले की जागा ठरते. खोल दरीत, दाट झाडीत किंवा कातळाच्या भिंतीजवळ सिग्नल आपटून उशिरा येतो आणि तुमचा मार्ग नकाशावर दरीत उडी मारल्यासारखा दिसतो. दोन फ्रिक्वेन्सी ऐकणारे नवे फोन यात सरस ठरतात.

तीन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, रेकॉर्डिंगचा वेग. ताशी २० किलोमीटरने तुम्ही सेकंदाला साडेपाच मीटर जाता. उपकरण ‘स्मार्ट’ मोडवर काही सेकंदांनी एकदाच नोंद करत असेल, तर नागमोडी वळणं सरळ होतात आणि अंतर कमी भरतं. सेटिंगमध्ये दर सेकंदाची नोंद निवडा.

दोन, चढ. जीपीएसची उंची आडव्या जागेपेक्षा जास्त चुकते. म्हणून चांगल्या घड्याळांत आणि काही फोनमध्ये हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर असतो. दाब १ हेक्टोपास्कलने बदलला की उंची साधारण ८ मीटरने बदलल्यासारखी दिसते. पाऊस भरून आला तर जागेवर उभं राहूनही तुम्ही ‘चढता’. त्यामुळे दोन मित्रांचे चढाचे आकडे जुळले नाहीत तर भांडू नका.

तीन, पहिला फिक्स. नेट चालू असताना फोन उपग्रहांची माहिती नेटवरून उचलतो, म्हणून जागा पटकन सापडते. नेट नसेल तर तीच माहिती उपग्रहाकडून सेकंदाला ५० बिट अशा मुंगीच्या वेगाने घ्यावी लागते. राइड सुरू करायच्या आधी, रेंज असतानाच फिक्स घ्या.

जीपीएक्स फाइलचा बाऊ वाटत असेल तर एकदा ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून बघा. आत फक्त अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ यांच्या ओळी असतात. अक्षांशाचा पाचवा दशांश म्हणजे जमिनीवर सुमारे एक मीटर. आयोजकांनी दिलेली फाइल आदल्या रात्री फोनमध्ये टाका, उघडते का ते बघा, आणि विमान मोडमध्येही उघडते का ते पुन्हा बघा.

फोन संपला तर? डोंगरातली सुरक्षितता

हा भाग वरवर वाचू नका. एका हिवाळ्यात मी आणि माझा मित्र मुळशीच्या मागच्या डोंगरात होतो. घसाऱ्याच्या उतारावर त्याचं पुढचं चाक अडकलं आणि तो खांद्यावर आपटला. उठून बसला आणि म्हणाला, “अरे, खांदा गेला बहुतेक.” मी फोन काढला. ६ टक्के. सकाळपासून हँडलवर लावून, ब्राइटनेस पूर्ण, ऑनलाइन नकाशा चालू. रेंज शून्य.

थोडं खाली गुरं घेऊन एक वयस्कर मामा होते. त्यांनी वर बोट दाखवलं. “पोरा, त्या टेपाडावर जा, तिथं रेंज येते. मी बसतो याच्यापाशी.” मी वर पळालो. इंटरनेट नव्हतं, पण एक काडी आली. नकाशावरचे अक्षांश-रेखांश एसएमएसने भावाला पाठवले आणि फोन बंद झाला. तो एसएमएस गेला की नाही हे मला पुढचे दोन तास माहीत नव्हतं. गेला होता. भाऊ वाडीपर्यंत जीप घेऊन आला. मित्राच्या खांद्याजवळचं गळपट्टीचं हाड मोडलं होतं, सात आठवडे सायकल बंद. डोक्याला मार असता तर ते दोन तास फार मोठे ठरले असते.

त्या दिवसापासून माझे नियम :

१. फोन हँडलवर नाही, बॅगेत. स्क्रीन बंद राहते आणि कॅमेराही वाचतो. सततच्या कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्यातली स्थिरीकरण यंत्रणा बिघडू शकते, असं ॲपलनेच २०२१ मध्ये मोटरसायकलच्या संदर्भात सांगितलं होतं.
२. रेंज नसलेल्या भागात विमान मोड. टॉवर सापडेना की फोन जास्त ताकदीने शोधत राहतो आणि बॅटरी खातो. विमान मोडमध्येही जीपीएस चालतं, फक्त लोकेशन बंद करू नका.
३. ऑफलाइन नकाशा. ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑसमँडमध्ये महाराष्ट्र डाउनलोड करून ठेवा. दोन्ही ओपनस्ट्रीटमॅपवर चालतात.
४. धारेवर किंवा खिंडीत आलं की एक मिनिट नेटवर्क चालू करून घरी ‘ठीक आहे’ असा मेसेज.
५. निघण्याआधी घरच्यांना तीन गोष्टी : कुठली वाट, किती वाजता परत, आणि किती वाजल्यानंतर शोध सुरू करायचा.
६. छोटी पॉवर बँक, शिटी, त्रिकोणी बँडेज. अनोळखी वाटेवर एकट्याने नाही.
७. ११२ आणि १०८ हे दोन नंबर पाठ.

इंटरनेट नसलं तरी कमी सिग्नलवर एसएमएस जाऊ शकतो, हे विसरू नका. आणि एक कायदेशीर गोष्ट : परदेशी व्हिडिओंमध्ये दिसतात ते सॅटेलाइट फोन आणि सॅटेलाइट मेसेंजर भारतात परवानगीशिवाय वापरणं बेकायदेशीर आहे. परदेशातल्या नातेवाईकाकडून मागवायच्या आधी विचार करा.

खाणं-पिणं : अलार्म लावा

लांबच्या राइडमध्ये शरीराला ताशी ६० ग्रॅमपर्यंत कार्बोहायड्रेट वापरता येतं. सवय केली आणि ग्लुकोजसोबत फ्रुक्टोज घेतलं तर ९० पर्यंत. मी भूक लागली की खायचो. भूक लागते तोवर उशीर झालेला असतो. आता दर २० मिनिटांनी अलार्म वाजतो आणि मी २० ग्रॅम खातो : एक छोटं केळं, किंवा तीन-चार खजूर, किंवा चिक्कीचे तुकडे. आयात केलेली जेल लागतातच असं नाही. जे खाणार ते आधी सरावात खाऊन बघा, शर्यतीच्या दिवशी पोटावर प्रयोग नको.

पाणी ताशी अर्धा ते पाऊण लिटर, ऊन जास्त असेल तर थोडं वर. तासन् तास नुसतं साधं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम कमी होऊन ते धोकादायक ठरतं. एका बाटलीत मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत किंवा ओआरएस ठेवा. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापातच मिसळा, घट्ट करून पिऊ नका.

प्रायव्हसी आणि टेकडीवरची माणसं

स्ट्राव्हाने नोव्हेंबर २०१७ मध्ये जगभरातल्या राइड आणि रनचा हीटमॅप प्रसिद्ध केला. जानेवारी २०१८ मध्ये लक्षात आलं की त्यात लष्करी तळांवर धावणाऱ्या सैनिकांच्या वाटाही चमकत होत्या. तुमचा डेटाही तसाच बोलतो : घर कुठे, सायकल कितीची, रविवारी किती तास घर बंद. सेटिंगमध्ये जाऊन राइडची सुरुवात आणि शेवट लपवा, आणि प्रोफाइल फक्त ओळखीच्यांसाठी ठेवा.

उतारावरच्या सेगमेंटमध्ये पहिला नंबर मिळवायचा नाद सोडा. पुण्याच्या टेकड्यांवर सकाळी आजी-आजोबा चालत असतात. वळणापलीकडे कोण आहे हे ॲपला दिसत नाही. अभयारण्यात परवानगी लागते, आणि कुणाच्या शेतातून गेलात तर त्यांना विचारून जा. ती वाट सगळ्यांसाठी अपलोड करू नका.

शर्यतीचा दिवस

गणित सोपं ठेवा. माझ्या शर्यतीत ६२ किलोमीटरसाठी ६ तास होते, म्हणजे थांबे धरून ताशी १०.३ किलोमीटर. हे आकडे कागदावर लिहून टेपने हँडलजवळ चिकटवले. पहिल्या तासात बरेच लोक पुढे जातात, जाऊ द्या. चढावर हार्ट रेटला एक कमाल मर्यादा ठेवा, ती ओलांडली की गिअर हलका. फीड स्टेशनवर सायकलवरून उतरलात की बाटली भरा, खाणं खिशात टाका, निघा. प्रत्येकी दहा मिनिटांचे पाच थांबे म्हणजे ५० मिनिटं. टायरमध्ये हवा आदल्या दिवशी तपासा. मी ६८ किलोचा आहे आणि ट्यूबलेस टायरमध्ये पुढे २० आणि मागे २३ पीएसआय ठेवतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सुरुवातीला काय घ्यावं?
आधी हेल्मेट. मग साधी हार्डटेल सायकल, म्हणजे फक्त पुढे शॉक असलेली. मग पंक्चर किट आणि पंप. मग चेस्ट स्ट्रॅप. पॉवर मीटर सगळ्यात शेवटी.

फक्त फोनवर सराव होतो का?
हो. फोन, चेस्ट स्ट्रॅप आणि वही. मी पहिलं वर्ष असंच काढलं.

पावसाळ्यात काय?
घसरडा कातळ आणि ओढ्यांचं पाणी यांच्याशी पंगा नको. पावसाळ्यात माझा ट्रेनर आणि जिने जास्त चालतात.

पहिल्या शर्यतीआधी किती महिने हवेत?
आठवड्याला सहा-आठ तास देऊ शकत असाल तर ५०-६० किलोमीटरसाठी चार-पाच महिने धरा.

मागच्या वर्षी मी तीच शर्यत पुन्हा केली. छातीवर पट्टा, फोन बॅगेत विमान मोडवर, हँडलवर कागद. पहिल्या चढावर निदान शंभर जण मला मागे टाकून गेले. ६२ व्या किलोमीटरला ११:३६ ला पोहोचलो, कट-ऑफच्या २४ मिनिटं आधी. तोच स्वयंसेवक उभा होता, त्याने नंबर बघितला आणि “चला, पुढे व्हा” म्हणाला. ९ तासांच्या मर्यादेत ८ तास ४१ मिनिटांत शर्यत संपवली. गळपट्टीचं हाड जुळलेला मित्र शेवटच्या रेषेवर उभा होता. त्याने पहिला प्रश्न विचारला, “फोनमध्ये किती टक्के आहे रे?”

७१ टक्के होते.